पिशवीच्या भिंतीत मुरलेलं दुखणं: ॲडिनोमायोसिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासणीच्या खोलीत, फोनवर आणि बऱ्याचदा दार उघडून निघता निघता विचारलेले हे प्रश्न आहेत. शब्द शक्यतो विचारणारीचेच ठेवले आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधावा. तेच तेच पुन्हा सांगणं टाळण्यासाठी जिथं लागेल तिथं दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. सोनोग्राफीत 'ॲडिनोमायोसिस' आलंय. हे नेमकं काय असतं?

गर्भाशय, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती, जाड स्नायूची असते आणि आतून तिला मऊ अस्तर असतं. दर महिन्याला हे अस्तर वाढतं आणि गर्भ राहिला नाही की पाळीच्या रूपानं गळून पडतं. ॲडिनोमायोसिसमध्ये याच अस्तराच्या ग्रंथी आणि पेशी हद्द सोडून स्नायूच्या भिंतीत शिरलेल्या असतात. तिथंही त्या हॉर्मोन्सच्या तालावर फुगतात, सुजतात, कधी थोडं रक्तही सोडतात, पण ते बाहेर यायला वाट नसते. मग आजूबाजूचा स्नायू जाड होतो आणि पिशवी हळूहळू मोठी, गोलसर आणि हाताला मऊ लागणारी होते.

घराच्या भिंतीत ओल मुरते ना, तसं हे आहे. वरून रंग दिला तर ओल जात नाही आणि ओल तेवढी वेगळी काढून टाकताही येत नाही. निदान का चुकतं, ऑपरेशन का अवघड असतं, गोळ्या थांबवल्या की त्रास परत का येतो, या सगळ्याचं मूळ या 'मुरण्यात' आहे.

आजार नवा नाही. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकितान्स्की यांनी १८६० मध्ये त्याचं वर्णन केलं होतं आणि सध्याचं नाव १९२५ मध्ये आलं. नवं आहे ते एवढंच, की आता पिशवी न काढताही तो दिसतो. पूर्वी पिशवी काढून प्रयोगशाळेत पाठवल्यावरच कळायचं.

२. म्हणजे ही गाठच ना? फायब्रॉइडसारखी?

नाही. फायब्रॉइड ही स्नायूची वेगळी, कडा असलेली गाठ असते. शस्त्रक्रियेत तिच्यावरचं आवरण उघडलं की ती फळातल्या बीसारखी सोलून बाहेर येते. ॲडिनोमायोसिसला अशी कडाच नसते. रोगट भाग कुठं संपला आणि चांगला स्नायू कुठं सुरू झाला, हे डोळ्यांना नीट दिसत नाही. कधी कधी तो एकाच जागी गोळा होतो, त्याला ॲडिनोमायोमा म्हणतात, पण त्याच्याही कडा पुसटच असतात. दोन्ही आजार एकाच पिशवीत एकत्र असणंही नेहमीचं आहे.

३. मैत्रिणीला एंडोमेट्रिओसिस आहे. दोन्ही एकच का?

चुलत बहिणी म्हणा. एंडोमेट्रिओसिसमध्ये अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर जातात: बीजकोशावर (तिथं त्याची 'चॉकलेट सिस्ट' होते), आतड्यावर, पोटाच्या पडद्यावर. ॲडिनोमायोसिसमध्ये त्या पिशवीच्याच भिंतीत असतात. ढोबळ मानानं पहिल्यात दुखणं पुढं असतं आणि दुसऱ्यात दुखण्याबरोबर रक्तस्रावही जास्त असतो. पण अनेकींना दोन्ही असतात, आणि हे लक्षात ठेवणं पुढं फार कामाला येतं (प्रश्न २१ पाहा).

४. मला का झालं? माझ्याकडून काही चुकलं का?

काही चुकलं नाही. जड उचललं, पाळीत डोक्यावरून पाणी घेतलं, लग्न उशिरा केलं, यांतलं काहीही कारण नाही. नेमकं कारण अजून पक्कं झालेलं नाही. सर्वांत जास्त मानली जाणारी मांडणी अशी: अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेवर बारीक इजा होत राहतात आणि त्या फटींतून अस्तर आत उतरतं. बाळंतपणं, सिझर, पिशवी साफ करणं (क्युरेटिंग) यांचा संबंध म्हणूनच जोडला जातो. पण मूल न झालेल्या, पिशवीला कधी हातही न लागलेल्या तरुण मुलींमध्येही हा आजार सापडतो. त्यामुळे ही मांडणी पुरी पडत नाही. एवढं नक्की, की तो इस्ट्रोजेनवर पोसला जातो.

'हा चाळिशीचा आजार' असं पुस्तकांत छापलेलं असायचं, कारण पिशव्या चाळिशीत काढल्या जायच्या आणि निदान तेव्हाच व्हायचं. आता विशी-तिशीतल्या मुलींमध्येही तो दिसतो आहे. तो त्या वयात आधीही असणार, बघायची सोय नव्हती.

५. माझी पाळी पहिल्यापासूनच जास्त जाते. 'जास्त' म्हणजे नक्की किती?

एकदा एक बाई खुर्चीवर बसण्याआधी पर्समधून टॉवेलची घडी काढून खाली अंथरून बसल्या. मी विचारलं, पाळी कशी आहे? म्हणाल्या, 'नॉर्मल आहे.' पंधरा वर्षं अशीच असेल तर तीच नॉर्मल वाटणार.

पूर्वी एका पाळीत ८० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं तर जास्त, अशी व्याख्या होती. घरी ते मोजणार कोण? म्हणून आता साधे प्रश्न विचारतात. पॅड दर तास-दोन तासांनी बदलावा लागतो का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? दोन पॅड एकावर एक लावता का? अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडतात का? सात-आठ दिवसांपेक्षा जास्त जातं का? पाळी बघून प्रवास, कार्यक्रम, कपड्यांचा रंग ठरवता का? यांतल्या एक-दोन प्रश्नांना 'हो' असेल तर ती जास्त आहे.

वयात आल्यापासूनच खूप जात असेल, दात काढल्यावर किंवा बारीक कापल्यावरही रक्त लवकर थांबत नसेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी करून घ्या. सोनोग्राफीत ॲडिनोमायोसिस दिसला म्हणजे दुसरं कारण नाहीच, असं होत नाही.

६. रक्तस्रावाखेरीज आणखी काय होतं?

पाळीत ओटीपोटात गोळे येतात, कंबर आणि मांड्या भरून येतात. काहींना पाळीच्या आठवडाभर आधीपासून जड वाटायला लागतं. संबंधाच्या वेळी खोल आत दुखतं. पिशवी मोठी झाली की पुढं मूत्राशयावर दाब येऊन सारखं लघवीला जावंसं वाटतं आणि पोट पुढं आल्यासारखं दिसतं. 'कितव्या महिन्यात आहेस' हा प्रश्न ऐकून घरी येऊन रडलेल्या बायका मला माहीत आहेत. आणि सुमारे एकतृतीयांश बायकांना यातलं काहीच होत नाही (प्रश्न १०).

७. रिपोर्टमध्ये फक्त 'बल्की युटेरस' लिहिलंय. म्हणजे हाच आजार?

तेवढ्यावरून नाही. 'बल्की' म्हणजे नेहमीपेक्षा मोठी, बस्स. दोन-तीन बाळंतपणं झालेली पिशवी थोडी मोठी असतेच, आणि फायब्रॉइडनंही ती मोठी होते. ॲडिनोमायोसिस म्हणायला भिंतीत काही विशिष्ट खुणा दिसाव्या लागतात: स्नायूतली बारीक पाण्याची पोकळी, पांढरट ठिपक्यांची बेटं, अस्तरातून स्नायूत घुसलेल्या रेषा. याखेरीज पुढची भिंत एका जाडीची आणि मागची दुसऱ्याच जाडीची असणं, पंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या पडणं, या आधार देणाऱ्या खुणा. २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं या खुणांची शब्दावली एकसारखी केली आणि २०२२ मध्ये ती सुधारली. चांगल्या रिपोर्टात यांतली नेमकी कुठली खूण दिसली ते लिहिलेलं असतं.

सोनोग्राफी शक्यतो योनीमार्गातून केलेली असावी. पोटावरून केलेल्या तपासणीत भिंतीचे हे बारकावे निसटतात. ज्यांचे कधी संबंध आलेले नाहीत त्यांनी हे स्पष्ट सांगावं. त्यांच्यासाठी गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत.

८. एका ठिकाणी फायब्रॉइड म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ॲडिनोमायोसिस. खरं कुणाचं? एमआरआय करू का?

दोघांचंही खरं असू शकतं (प्रश्न २). मतं वेगळी आली की डॉक्टरांवर राग येतो, पण कडा नसलेल्या गोष्टीचा फोटो वाचताना मतभेद होणारच.

नीट केलेली योनीमार्गातली सोनोग्राफी आणि एमआरआय यांची अचूकता जवळपास सारखी आहे, त्यामुळे प्रत्येकीला एमआरआय लागत नाही. फायब्रॉइडचं ऑपरेशन करायचं ठरतंय आणि गाठीच्या कडा दिसत नाहीत, पिशवी फार मोठी आहे, किंवा सोबत खोलवरचा एंडोमेट्रिओसिस असल्याची शंका आहे, अशा वेळी तो उपयोगी पडतो. त्यात अस्तराला लागून असलेल्या आतल्या स्नायूच्या पट्ट्याची जाडी मोजतात. ती १२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ॲडिनोमायोसिसकडे बोट जातं. हा पट्टा पाळीच्या दिवसांत आणि पिशवी आकुंचन पावताना तात्पुरता जाड दिसतो, म्हणून शक्यतो पाळी चालू असताना एमआरआय करू नये.

९. सीए-१२५ वाढलेला आलाय. कॅन्सर आहे का?

ॲडिनोमायोसिस हा कॅन्सर नाही आणि त्यातून कॅन्सर होणं अतिशय विरळ आहे. सीए-१२५ हा रक्तातला आकडा ॲडिनोमायोसिस, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, पोटातला संसर्ग, इतकंच काय, पाळी चालू असतानाही वाढतो. निव्वळ ॲडिनोमायोसिसच्या निदानासाठी तो करायची गरज नसते. केला, वाढलेला आला आणि झोप उडाली, हा क्रम मी इतक्यांदा पाहिला आहे की तपासणी लिहिताना आता हात आखडतो.

मात्र वय ४५ च्या पुढे असेल आणि रक्तस्राव अनियमित किंवा औषधांना न जुमानणारा असेल, तर अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा. वजन फार जास्त असेल किंवा वर्षानुवर्षं पाळी अनियमित असेल, तर त्याआधीही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी लागला, तरी 'जुना ॲडिनोमायोसिस असेल' असं समजून घरी बसायचं नाही.

१०. मला काहीच त्रास नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली तर हे निघालं. आता काय करू?

काही करू नका. उपचार त्रासावर करायचा असतो, रिपोर्टवर नाही. हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या, मूल हवं असेल तर प्रश्न १६ वाचा आणि कागद फाइलला लावा. 'पुढं वाढेल, आत्ताच पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाला तर दुसरं मत जरूर घ्या.

११. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर सवय लागते का?

मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांची सवय लागत नाही. कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे आणि या गोळ्या ते तयारच होऊ देत नाहीत. म्हणून असह्य होईपर्यंत दात-ओठ खात थांबून मग गोळी घेतली तर ती निम्मीच लागू पडते. पाळीच्या आदल्या दिवशी किंवा पहिला डाग दिसताच सुरू करून दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी घेतल्या तर खरा उपयोग होतो. पोटात अन्न असताना घ्याव्यात. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, किंवा अशा गोळ्यांनी दमा वाढत असेल तर घेऊ नयेत. गर्भधारणेचा प्रयत्न चालू असेल तर महिन्याच्या मध्यावर टाळाव्यात, कारण बीज बाहेर पडण्यात त्या अडथळा आणू शकतात.

रक्त कमी करायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात. हे हॉर्मोन नाही. जास्त जाणाऱ्या पाळीत रक्तस्राव साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतो. जास्त जाणाऱ्या दिवसांपुरतं, सहसा चार-पाच दिवसच घ्यायचं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी पूर्वी झाली असेल तर नाही. यानं दुखणं कमी होत नाही, ही अपेक्षा ठेवली तर निराशा होते.

१२. हॉर्मोनच्या गोळ्या म्हटलं की भीती वाटते. घ्याव्यात का?

भीती कशाची, ते आधी वेगळं करू. गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन, दोन्ही असतं. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी असलेल्या, रक्तदाब जास्त असलेल्या किंवा गुठळीचा इतिहास असलेल्या बायकांनी त्या घेऊ नयेत. ही भीती रास्त आहे. बाकीच्यांना त्या चालतात, आणि मध्ये खंड न देता सलग घेतल्या तर दर महिन्याची पाळी आणि तिच्या कळा दोन्ही टळतात.

डायनोजेस्टमध्ये इस्ट्रोजेन नसतं. रोज २ मिलिग्रॅमची एक गोळी, खंड न पाडता. दुखण्यावर ती छान काम करते. सुरुवातीचे काही महिने अवेळी डाग लागतात आणि नेमक्या याच वेळी 'मला सोसत नाही' म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात. ती गर्भनिरोधक म्हणून धरू नये. मन उदास व्हायला लागलं तर डॉक्टरांना सांगावं, अंगावर काढू नये. पिशवी आधीच खूप मोठी असेल तर ही गोळी चालू असताना जास्त रक्तस्राव होऊ शकतो.

गोळ्या बंद केल्या की काही महिन्यांत त्रास परततो. औषध निकामी ठरलं असा याचा अर्थ नाही. ओल भिंतीतच आहे, गोळ्यांनी ती फक्त कोरडी ठेवली होती.

१३. डॉक्टर 'मिरेना' बसवू म्हणतात. ती कॉपर टीच ना? माझी मावशी तर कॉपर टीनंच जास्त जायला लागलं म्हणायची.

मावशी बरोबर म्हणायची. कॉपर टीनं पाळी वाढते आणि ॲडिनोमायोसिसमध्ये ती नकोच. मिरेना दिसायला तशीच, पण काम उलटं. तिच्या दांडीत ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम थेट पिशवीत झिरपतं. अस्तर पातळ होतं, भिंतीतल्या पेशीही मंदावतात. पिशवी वाचवायची असेल आणि इतक्यात मूल नको असेल, तर माझ्या मते पहिला विचार हिचाच करावा.

आता कटकटींबद्दल. पहिले तीन ते सहा महिने डाग कधीही लागतात. रोज थोडंथोडं, चॉकलेटी. याची कल्पना आधी दिली नाही तर दुसऱ्या महिन्यातच 'काढून टाका' म्हणत बाई परत येते. ॲडिनोमायोसिसमध्ये पिशवी मोठी असल्यानं मिरेना आपोआप बाहेर पडण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, विशेषतः जोरात रक्त जात असताना. म्हणून पिशवी बारा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी किंवा त्याहून मोठी असेल, तर काही डॉक्टर आधी दोन-तीन महिने इंजेक्शनं देऊन (प्रश्न १५) ती लहान करतात आणि मग मिरेना बसवतात.

१४. मिरेनानं पाळीच थांबली. मग ते घाण रक्त आत साचत असेल ना?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, बरेचदा सासूबाईंच्या वतीनं. पाळीचं रक्त घाण नसतं. ते गळून पडलेलं अस्तर आणि साधं रक्त असतं. औषधानं अस्तर वाढतच नाही, म्हणून गळायलाही काही नसतं. साचायला आधी तयार तर व्हायला हवं! सलग गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी पाळी थांबली तरी हेच उत्तर.

१५. पाळी बंद करणारी इंजेक्शनं कुणाला देतात?

ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं मेंदूकडून बीजकोशांना जाणारा हुकूमच थांबवतात. इस्ट्रोजेन तळाला जातं, पिशवी लहान होते, पाळी थांबते. पहिले दहा-पंधरा दिवस मात्र हॉर्मोन उसळतं आणि एकदा जोरात रक्तस्राव होऊ शकतो, तो शेवटचाच धक्का समजा. त्यानंतर गरम वाफा, झोपमोड, कोरडेपणा असं पाळी गेल्यासारखं सगळं होतं. हाडं विरळ होऊ लागतात, म्हणून नुसती इंजेक्शनं सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत. लांबवायचं असेल तर सोबत थोडं हॉर्मोन जोडून देतात. रेल्युगोलिक्ससारख्या नव्या गोळ्यांनी असाच परिणाम मिळतो आणि त्यांत सुरुवातीची उसळी नसते.

हा कायमचा उपाय नाही. मिरेना, ऑपरेशन किंवा आयव्हीएफच्या आधी जमीन तयार करायला, किंवा हिमोग्लोबिन भरून काढायला थोडा अवधी मिळवण्यासाठी ती वापरतात.

१६. मूल हवंय. होईल का?

अनेकींना होतं, उपचारांशिवायही. पण अवघड जाऊ शकतं, हेही खरं. भिंतीची लय बिघडलेली असते आणि अस्तर गर्भाला धरून ठेवण्यात कमी पडतं, म्हणून गर्भ रुजणं कमी होतं आणि गर्भपात काहीसा जास्त होतो. दिवस राहिल्यावर वेळेआधी कळा येणं आणि रक्तदाब वाढणं यांची शक्यता थोडी जास्त असते. म्हणून नाव नोंदवतानाच 'मला ॲडिनोमायोसिस आहे' हे सांगा.

प्रश्न १२ ते १५ मधली औषधं चालू असताना गर्भधारणेचा प्रयत्न करता येत नाही, आणि वय तर थांबत नाही. म्हणून पस्तिशीच्या पुढे असाल तर 'आधी आजार पूर्ण बरा करू, मग बघू' यात वर्षं घालवू नका. आयव्हीएफ करायचं ठरलं तर गर्भ गोठवून ठेवायचे, दोन-तीन महिने इंजेक्शनांनी पिशवी शांत करायची आणि मग गर्भ सोडायचा, अशी पद्धत बरेच तज्ज्ञ वापरतात.

१७. 'एक मूल झालं की सगळं ठीक होईल' असं सगळे सांगतात.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना पाळी नसते, म्हणून त्रासही नसतो. पाळी परतली की तोही परततो. मूल हवं म्हणून होऊ द्या, औषध म्हणून नको.

१८. हिमोग्लोबिन ७ आहे. गोळ्या घेते, पण वाढतच नाही.

नळ उघडा ठेवून बादली भरत नाही. आधी रक्तस्राव आटोक्यात आणायचा, लोह त्याच्या जोडीनं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, पण त्याआधीच साठ्यातलं लोह संपलेलं असतं. ते फेरिटिन तपासून कळतं: १५ च्या खाली असेल तर साठा नक्की रिकामा, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. धाप, केस गळणं, पाय तळमळणं, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं ही सगळी त्याची लक्षणं.

गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. संडास काळी होते, घाबरू नका. पोटाला सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या, तशीही ती चांगली शोषली जाते. आकडा नॉर्मल आला म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला पुढं आणखी तीन महिने लागतात. ७ असताना आणि ऑपरेशन तोंडावर असताना शिरेतून लोह देणं जास्त शहाणपणाचं.

तासाला एक पॅड असं सलग दोन तासांहून जास्त भिजत असेल, चक्कर येत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा पाळी चुकून मग रक्तस्राव आणि पोटदुखी सुरू झाली असेल, तर हे वाचत बसू नका, लगेच दवाखान्यात जा.

१९. पिशवी ठेवून फक्त आजार काढता येत नाही का?

कधी कधी येतो. आजार एका जागी गोळा झालेला असेल तर तेवढा भाग कापून भिंत पुन्हा शिवतात. पण कडा नसल्यानं थोडा आजार मागं राहतोच आणि शिवलेली भिंत पुढच्या गरोदरपणात फाटण्याचा धोका असतो. म्हणून नंतर थांबायचं किती आणि सिझर कधी, हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. हे ऑपरेशन वारंवार करणाऱ्या हातांनीच व्हावं.

पिशवीच्या रक्तवाहिन्या तारेच्या वाटेनं जाऊन बंद करणं (एम्बोलायझेशन) आणि ध्वनिलहरींच्या उष्णतेनं आजार जाळणं हे आणखी दोन मार्ग. दोन्हींनी बऱ्याच जणींना आराम पडतो, काहींना त्रास परततो. पुढं मूल हवं असेल तर एम्बोलायझेशन सहसा सुचवत नाहीत.

अस्तर जाळण्याबद्दल (अब्लेशन) मात्र जपून. ते पृष्ठभागावर काम करतं आणि हा आजार खोलवर असतो. वरचं अस्तर गेलं, रक्त कमी झालं आणि आतलं दुखणं तसंच राहिलं, असं होऊन शेवटी पिशवी काढावी लागलेल्या बायका आहेत. मूल हवं असेल तर ते करायचंच नाही.

२०. मग पिशवी काढायची का? आणि काढली तर बाईपण जातं का?

ॲडिनोमायोसिस मुळापासून संपवणारा हाच एक उपाय आहे. मूल नको असेल, औषधं आणि मिरेना करून पाहिली असतील किंवा चालत नसतील आणि त्रासानं दिवस खाल्ले असतील, तर पिशवी काढणं हा पराभव नाही. उलट 'आणखी थोडं सोसलं असतं तर' असं म्हणणारी क्वचितच भेटते. 'आधी का नाही केलं' म्हणणाऱ्या पुष्कळ.

हॉर्मोन बीजकोशात तयार होतात, पिशवीत नाही. म्हणून ऑपरेशनआधी एक प्रश्न विचारायचाच: 'बीजकोश ठेवणार ना?' ॲडिनोमायोसिससाठी ते काढायची गरज नसते. ते ठेवले तर लगेच गरम वाफा किंवा हाडं झिजणं सुरू होत नाही, फक्त पाळी जाण्याचं वय सरासरीपेक्षा थोडं अलीकडे येऊ शकतं. ऑपरेशन खालून, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून होतं. खालून आणि दुर्बिणीतून झालेल्यात माणूस लवकर उभा राहतो. जड उचलणं आणि संबंध यांसाठी साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. संबंधांत पूर्वी दुखत असेल तर बऱ्याच जणींना नंतर सुखच वाटतं.

२१. पिशवी काढून वर्ष झालं, तरी दुखतंय. आजार राहिला का?

पिशवी पूर्ण काढली असेल तर ॲडिनोमायोसिस राहायला जागा नाही. पण सोबतचा एंडोमेट्रिओसिस राहिलेला असू शकतो (प्रश्न ३). पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर तिथं थोडं अस्तर राहून महिन्याला डाग लागतात. तिसरं कारण सहज सुटतं: वर्षानुवर्षं दुखलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात, आणि मूळ कारण गेलं तरी त्यांना सोडायचं माहीत नसतं. यावर या स्नायूंची फिजिओथेरपी उपयोगी पडते. 'आता काढली ना पिशवी, मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणालं तर डॉक्टर बदला.

२२. मी ४८ची आहे. पाळी जायचीच आहे. थांबू का?

थांबणं हाही एक उपाय आहे. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, पिशवी आकसते आणि त्रास बहुधा संपतो. फक्त ती कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. ५४-५५ पर्यंत पाळी चालणाऱ्याही आहेत, आणि शेवटची वर्षं जास्त बेभरवशाची असतात. थांबायचं तर मिरेना किंवा गोळ्यांचा आधार घेऊन थांबा, हिमोग्लोबिन ढासळू देऊ नका.

पाळी गेल्यावर हॉर्मोन उपचार किंवा स्तनांच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. डाग लागल्यास प्रश्न ९ चा शेवट पाहा.

२३. व्यायाम, शेक, पथ्य, काढे यांनी बरा होतो का?

बरा होत नाही, सुसह्य होतो. शेकानं कळा खरंच कमी होतात, आणि रोज चालण्यानं दुखणं आणि झोप दोन्ही सुधारतात. 'हे खा म्हणजे पिशवी लहान होते' असं कुठलंही पथ्य नाही. काढे-चूर्णं घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. काहींत इस्ट्रोजेनसारखं काम करणारे घटक असतात, आणि या आजाराला नेमकं तेच नको असतं.

२४. फायब्रॉइडसाठी पिशवी काढली. आता तपासणीच्या रिपोर्टात 'ॲडिनोमायोसिस' लिहून आलंय. नवं काही निघालं का? पुढं उपचार कोणते?

नवं काही नाही. दोन्ही एकत्र होते आणि सोनोग्राफीत एकच दिसलं होतं. आजार पिशवीबरोबर गेला. टाके भरले असतील, आणखी काही दुखत नसेल, तर उपचार काहीच नाहीत. कागद फाइलला लावून टाका.